एका ओळीचं भाषांतर

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. मुलाला नाही. मिरजेच्या बहिणीलाही नाही — आणि तिला तर मी कुठल्या भाजीत मीठ जास्त पडलं तेसुद्धा फोनवर सांगते. अकरा वर्षं झाली. कितीदा जिभेवर आलं, आणि दर वेळी मी विषय बदलला. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? कारण — नको, ते शेवटी.

आधी मी कोण ते सांगते. लग्नाआधी पुण्यात हौसेनं इटालियन शिकले होते. मग ह्यांची रेल्वेतली नोकरी, बदली होऊन लखनऊ, आलमबागच्या रेल्वे कॉलनीत बिऱ्हाड, आणि बघता बघता आम्ही इथलेच झालो. आता मला सांगा, लखनऊत इटालियन जाणणाऱ्या मराठी बाईचा उपयोग काय? पिझ्झ्याच्या दुकानाच्या पाटीवरच्या चुका काढण्यापुरता. मुलगा म्हणायचा, "मम्मी, आपकी इटालियन भी ना यार, शोकेस में रखी क्रॉकरी है." मी मराठीत रागवायची, तो हिंदीत हसायचा. पण खोटं काय होतं त्यात? वीस वर्षं ती क्रॉकरी कुणी बाहेर काढलीच नव्हती.

काढली ती निशातगंजच्या एका फिल्म क्लबनं. क्लब म्हणजे काय, सिनेमानं झपाटलेली दहा-पंधरा माणसं. त्यांच्याकडे एक वृद्ध इटालियन दिग्दर्शक येणार होते आणि दुभाषी हवी होती. त्यांचं नाव मी सांगत नाही. तसंही पडद्यावर त्यांचं खरं नाव कधी आलंच नाही. स्वस्तातले सिनेमे काढणारा हा माणूस. गदा-तलवारींची लाट आली की तसले, काउबॉयची आली की घोडे-पिस्तुलांचे, मग भुताखेतांचे, मग जंगलात हरवलेल्या खजिन्यांचे. बारा दिवसांत सिनेमा पुरा. किल्ल्याचा एकच सेट, रंग बदलून तीनदा वापरायचा. सिनेमा अमेरिकन वाटावा म्हणून पोस्टरवर इंग्रजी नाव, तेही दर दोन-चार वर्षांनी नवं. "माझ्या बायकोनंसुद्धा माझा एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नाही, सिन्योरा," असं ते पहिल्याच दिवशी मला म्हणाले. हसत म्हणाले, पण डोळे हसत नव्हते. म्हातारपणी मात्र जगभरच्या तरुणांना तेच सिनेमे सापडले. शिट्ट्या मारत बघायला.

त्यातला एक खजिन्याचा सिनेमा त्यांनी आमच्या लखनऊत काढला होता, फार वर्षांपूर्वी. त्यात एक प्रसंग आहे. गोळीबार चाललाय, टांगा उधळतो, उलटतो, आणि टांगेवाला हवेत फेकला जातो. तो टांगेवाला नट नव्हता. इथलाच खरा टांगेवाला, नन्हे मियाँ. हा प्रसंग त्यांनी पुढे आणखी दोन सिनेमांत जोडला, कारण पुन्हा काढायला लागत नव्हता. क्लबातल्या पोरांना तो तोंडपाठ होता. त्याच्यासाठीच तर त्यांना बोलावलं होतं.

चार दिवस मी त्यांच्याबरोबर हिंडले. पेपरात फोटो आला — ते मध्ये, मी शेजारी. निशातगंजचा भाजीवाला भैया म्हणाला, "अरे मैडम, आप तो छा गईं!" तुम्हाला हसू येईल, पण मी त्या दिवशी घासाघीस न करता भाजी घेतली. पन्नाशी जवळ आली होती माझी. ह्या शहरात पहिल्यांदा कुणाला तरी माझ्यावाचून अडत होतं.

कार्यक्रम दुपारचा होता. हॉल भरलेला, पहिल्या दोन रांगांत आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या बायका, ह्यांचे साहेब, प्रमुख पाहुणे. तो टांग्याचा प्रसंग दाखवला. शिट्ट्या. वन्स मोर. पुन्हा दाखवला, पुन्हा शिट्ट्या. मग ते उठले. काय बोलणार ते आम्ही आधी ठरवलं होतं — आभार, दोन गमती, इथल्या खाण्याचं कौतुक. त्यातलं ते काहीच बोलले नाहीत. लोकांकडे न बघता, पांढऱ्या पडद्याकडे बघत, दोन मिनिटं बोलले. मला शब्द न् शब्द कळला.

मग माइक माझ्याकडे आला.

इथे जरा थांबते. कारण जे काही आहे ते इथेच आहे. त्यांच्या बोलण्यात 'कोल्पा' हा शब्द चारदा आला होता. कोल्पा म्हणजे दोष, अपराध. त्याला मी एक शब्द शोधला. मी म्हणाले, "ये नाचीज़ आप लखनऊ वालों का ख़तावार है." एवढंच. एक ओळ.

चुकीचा होता का शब्द? शब्दकोश काढून बघा — खतावार म्हणजे अपराधी. कुणी मला धरू शकणार नाही. पण लखनऊत चार महिने काढलेल्या कुणालाही विचारा! इथे पाच मिनिटं उशीर झाला की माणूस खतावार असतो, दुसरा कप चहा नको म्हटला की गुनहगार असतो. स्टेजवर चढलेला प्रत्येक जण आधी नाचीज़, मग खाकसार, मग खतावार. ही इथली बोलायची रीत आहे, असं म्हणणाऱ्यानं काही केलेलं नसतं. हे मला ठाऊक नव्हतं? वीस वर्षं इथलं पाणी पीत होते मी. तो शब्द माझ्या तोंडून निसटला नाही. मी तो निवडला. दोन-तीन श्वासांच्या वेळात, चांगला पारखून निवडला.

"वाह! क्या तहज़ीब है साहब!" — मागून कुणीतरी ओरडलं, आणि अख्खा हॉल उभा राहिला. टाळ्याच टाळ्या. एक वयस्कर गृहस्थ हसत म्हणाले, "मोहतरमा, इतनी लंबी बात का तर्जुमा बस इतना-सा?" मी म्हणाले, "बाक़ी सब शुक्रिया था, जनाब." आणखी हशा. माझ्या हजरजबाबीपणालाही टाळ्या पडल्या.

का केलं असं? घाबरले होते असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले — पाहुणे होते, पेपरवाले होते, गोंधळ झाला असता. पण तसं नव्हतं. माझा दिवस बिघडला असता, एवढंच होतं. शोकेसमधली क्रॉकरी एकदाची टेबलावर आली होती आणि मला त्यावर डाग नको होता.

ते रडत होते. गाडीत बसल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "त्यांनी सगळं ऐकलं? आणि तरी उभे राहिले?" मी म्हटलं, "सी." म्हणजे हो. इटालियन शिकताना आपण पहिला शब्द शिकतो तो हाच. मग ते म्हणाले, त्या टांगेवाल्याचा शोध घ्याल का? त्यालाही मी सीच म्हटलं. ते परत गेले. मी कुठलाही शोध घेतला नाही.

शोध घेत माझ्याच दारात आली ती नुसरत. महिन्याभरानं, पेपरातला तो फोटो कापून हातात घेऊन. चिनहटला राहणारी, शाळेत शिकवणारी, तिशीतली मुलगी. नन्हे मियाँची मुलगी. ते जिवंत होते — कमरेखाली लुळे, त्या दिवसापासून अंथरुणावर. मी चहा ठेवला. ती सांगत गेली. त्यांची घोडी होती, शहज़ादी. भर बाजारात फटफटी आडवी आली तरी बिचकायची नाही. मग त्या दिवशी कशी उधळली? सगळे म्हणाले, नन्हे मियाँनी लगाम ढिला सोडला. ते म्हणायचे, मी सोडला नाही. मग उरली कोण? घोडी. रागाच्या भरात त्यांनी अंथरुणावरूनच शहज़ादीला वीटभट्टीवर विकायला लावलं. तिथे ती वर्षभरही जगली नाही. आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच भुंगा — दोष माझा होता, की मी उगाच तिचा जीव घेतला?

"आंटी," नुसरत म्हणाली, "अब्बा बस इतना जानना चाहते हैं. उन साहब ने उस दिन के बारे में कभी कुछ कहा था?"

टेबलावर माझा फोन होता. त्यात त्यांचा नंबर होता. ते तेव्हा हयात होते. एक फोन लावला असता तर चहा निवायच्या आत त्या मुलीला उत्तर मिळालं असतं. पण मग गाडीतलं सी? हॉलमधली ती ओळ? एक सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

मी म्हटलं, "नहीं बेटा. ऐसा तो कुछ नहीं कहा."

तिनं कप विसळून ठेवला. जाताना आदाब केला.

पुढच्या थंडीत नन्हे मियाँ गेले. नुसरतनंच कळवलं. "आख़िर में कहने लगे थे, लगाम मुझसे ही छूटी होगी. शहज़ादी से माफ़ी माँगते रहे." मी फोनवर काय बोलले ते मला आठवत नाही. काहीतरी बोलले असेन, लोक बोलतात तसं.

आणि मी? मी त्या इटालियन बुवांची तज्ज्ञ झाले. त्यांच्यावर हिंदीत पुस्तिका लिहिली, व्याख्यानं दिली. प्रत्येक ठिकाणी तोच प्रसंग दाखवतात, आणि मी बाजूला उभी राहून तो माणूस पडताना बघते. माझ्या मुलानं त्या दिवशीचं रेकॉर्डिंग हौसेनं इंटरनेटवर टाकलंय. त्यात त्यांचं इटालियन बारीक आहे, पण कान देऊन ऐकलं तर कळतं. मी ऑनलाइन इटालियन शिकवते, आणि एखादा विद्यार्थी फार चांगला तयार होऊ लागला की मला धडकी भरते. एका हुशार मुलीला मी सांगितलं, तुझा कान चांगला नाही. तिनं क्लास सोडला. तिचा कान उत्तम होता.

म्हातारे दर नाताळाला कार्ड पाठवायचे, 'मला क्षमा करणाऱ्या शहरास.' तीन वर्षांपूर्वी तेही गेले. समाधानानं गेले, असं त्यांच्या भाचीनं लिहिलं. नुसरतकडून दर ईदेला शेवया येतात. "आपके सिवा किसी ने अब्बा की बात बैठकर सुनी ही नहीं," असं म्हणते. मी त्या शेवया घेते. खातेही.

तर आता ती दोन मिनिटं. अकरा वर्षं उशिरा, पण पूर्ण भाषांतर देते. ते म्हणाले होते —

"हा अभिनय नाही. पहिल्या वेळी घोडी फार सुंदर चालली, घाबरलीच नाही. दुसऱ्यांदा काढायला माझ्याकडे फिल्म उरली होती फक्त एकदा पुरेल एवढी. मी माझ्या माणसाला तिच्या पायामागे फटाका लावायला सांगितलं. टांगेवाल्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो बसला नसता. गोळीबाराच्या आवाजात कुणाला काही कळलं नाही. त्यानं लगाम शेवटपर्यंत धरला होता, फिल्ममध्ये दिसतंय बघा, हवेतसुद्धा त्याच्या हातात आहे. त्याचा दोष नव्हता. घोडीचा दोष नव्हता. दोष माझा होता. मी तो तीन सिनेमांत विकला, तीन वेगळ्या नावांनी. आज माझ्या खऱ्या नावानं सांगतो, दोष माझा आहे."

एवढंच होतं ते. सोपं इटालियन. पहिल्या वर्षाच्या मुलालाही जमेल.

आणि तुम्हालाच का सांगितलं, ते राहिलं. नुसरत चिनहटलाच राहते, इथून तासाभरावर. तिला हिंदी येतं, उर्दू येतं, इंग्रजी येतं. हे मी मराठीत लिहिलं आहे. तिला मराठी वाचता येत नाही, आणि लिहायला बसताना ते मला माहीत होतं.