डिकीतला सर्व्हर आणि मॅडमचा आवाज

भूत, भानामती, करणी... माझ्यासमोर कुणी हे विषय काढले की मी आधी हसतो, मग चहा मागवतो. माझी श्रद्धा एकाच गोष्टीवर — पिंग! मशीनला हाक मारायची. उत्तर आलं तर जिवंत, नाही आलं तर मेलेलं. मधलं काही नसतं. गेल्या मे महिन्यातल्या एका दुपारपर्यंत मी हे छातीठोकपणे सांगायचो.

मी नेटवर्कची कामं करतो. लातूर आणि नांदेडला शाखा असलेल्या एका कोचिंग क्लासने मला बोलावलं. फाइल सर्व्हर तीन — दोन लातुरात, एक नांदेडला — आणि कुठली नोट कुठे आहे, ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही! त्यात आपल्याकडची रीत अशी, की फोल्डर विषयाच्या नावाने नाही, माणसाच्या नावाने. ‘बायॉलॉजी’ कुठेच सापडणार नाही, ‘मॅडम’ मात्र सापडेल. मी सगळ्यांसाठी एकच ड्राइव्ह तयार केला. आत नुसती फोल्डरांची नावं. क्लिक केलं की ते नाव आपल्याला गुपचूप खऱ्या सर्व्हरकडे नेतं.

‘मॅडम’ राहायचं लातूरच्या जुन्या सर्व्हरवर. बायॉलॉजीच्या कदम मॅडमच्या तासांची सगळी रेकॉर्डिंग्ज त्यात होती. घशाच्या ऑपरेशनमध्ये मॅडमचा आवाज कायमचा गेला. आता त्या नांदेडच्या शाखेत बसतात, पाटीवर खडूने लिहून बोलतात — आणि टोमणे पूर्वीइतकेच मारतात. रेकॉर्डिंगची दुसरी प्रत कुठेच नव्हती, आणि आता हे सगळं नांदेडला हलवायचं होतं. मी लातूरहून निघताना त्यांनी पाटीचा फोटो पाठवला : ‘माझा आवाज आणताय. गाडी माणसासारखी चालवा.’

दोन गावांमधली नेटची लाइन बैलगाडीच्या चालीची. म्हणून मी सर्व्हर बंद केला, वायरी काढल्या, गोधडीत गुंडाळला आणि डिकीत ठेवला. नांदेडला नेऊन तिथेच कॉपी करू म्हटलं.

लोह्याला चहाला थांबलो, तोच नांदेडच्या ऑपरेटरचा, गजाननचा फोन.

“सर, मॅडमचं फोल्डर कॉपी करायलो बघा.”

“कुठून करायलास बाबा?”

“लातूरच्या सर्व्हरवरून की! नाव दिसायलंय ना. लई फास्ट व्हायलंय.”

“गजानन, सकाळी काय खाल्लंस? तो सर्व्हर माझ्या डिकीत आहे!”

“मग डिकीतून यायलंय म्हणा!” तो खदखदून हसला. “थांबा, ऐकवतो.”

आणि फोनमधून मॅडमचा खणखणीत आवाज आला — “मागच्या बाकावरचे, झोपलात का?”

मंडळी, माझ्या हातातला चहा पँटवर सांडला, तरी चटका कळला नाही.

डिकी उघडली. वायरी एका बाजूला, सर्व्हर गोधडीत. हात लावला तर कोमट. आता मे महिन्यात डिकी तापणारच! पण त्याच डिकीतला गाडीचा जॅक त्याहून गार होता... लातूरला फोन केला. तिथला ऑपरेटर बघून म्हणाला, “सर, टेबल रिकामं हाय. नुसती धूळ हाय. काय विसरलं का?”

पुढे विष्णुपुरीच्या अलीकडे एक खड्डा असा बसला, की डिकीतला सर्व्हर धाडकन आपटला. नांदेडला पोचून सर्व्हर जोडला. आतून टक-टक, टक-टक... आणि शांत. डिस्क गेली. दुरुस्तीवाल्यांनीही हात टेकले.

पण गजाननच्या मशीनवर सगळी रेकॉर्डिंग्ज होती! ते मशीन नवं कोरं, त्याच सकाळी लावलेलं. आधीची साठवण असायला जागाच नाही. मी सगळे लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेल्या नोंदी, चाळले. कॉपी कुठून आली, तर लातूरचा जुना सर्व्हर. कधी आली, तर मी लोह्याच्या रस्त्यावर असताना.

मॅडमना स्पीकरसमोर बसवलं. आवाज सुरू झाला आणि मॅडमचे ओठ हलायला लागले. शब्दाला शब्द, श्वासाला श्वास! त्या खोलीत आम्ही सगळे कधी उभे राहिलो, आम्हालाच कळलं नाही.

तास संपल्यावर मॅडमनी डोळे पुसले, पाटीवर लिहिलं, ‘कसं झालं? नीट समजावून सांगा,’ आणि खडू माझ्या हातात दिला.

मी पाटी पुसली. नावं, सर्व्हर, बाण... काढून बघितलं, पुन्हा पुसलं. मग कोरी पाटीच त्यांना परत केली.

आजही कुणी पाटी हातात दिली, तर तशीच कोरी परत देईन.