सुलोचनाताई आणि मधलं घर

उत्पन्न किती, असं सुलोचनाताई कुणाच्या दारात उभं राहून थेट विचारत नाहीत. विचारलं की माणूस आधी आभाळाकडे बघतो, मग त्याला रेशन कार्ड आठवतं, आणि मग तो जे सांगतो ते ऐकून त्याच्याच हातावर दोन रुपये ठेवावेसे वाटतात. म्हणून त्या म्हशीपासून सुरुवात करतात. दूध किती, डेअरीला किती, घरी किती. मग कापूस, मग मजुरी, मग पोरांची कमाई. नालवाडीत राहणाऱ्या या बाई वर्ध्यातल्या एका अभ्यास संस्थेसाठी जिल्हाभर स्कूटीवर फिरतात. दर चार वर्षांनी त्याच त्या घरांत जातात. इतकं विचारूनही कुणी त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडत नाही.

संस्थेला हवं असतं मधलं घर. सरासरीचा तर ताईंना मनापासून राग आहे. गावात एकाने पेट्रोल पंप टाकला की सरासरी फुगते आणि सायकलवाला गडीही कागदावर सुखवस्तू होतो. त्यापेक्षा सगळी घरं कमाईप्रमाणे रांगेत उभी करा आणि बरोबर मधल्या घराची कमाई बघा, गाव कसं जगतं ते तिथे कळतं, असं त्या ठासून सांगतात. दर फेरीला ते मधलं घर किती वर सरकलं, एवढंच काय ते त्यांना शोधायचं असतं. पण त्यासाठी लोकांनी खरं सांगायला हवं, आणि घोडं अडतं ते तिथेच.

त्या दिवशी ताई नाचणगावात बाबारावांच्या दारात पोचल्या, तेव्हा ओसरीत पाहुणे होते. बाबारावांच्या रुपेशसाठी सांगून आलेल्या मुलीचे वडील गुलाबराव आर्वीहून घर पाहायला आले होते. समोर बशीत वर्ध्याची गोरसपाक बिस्किटं होती, पण अजून कुणी हात लावला नव्हता. ताईंना बघताच बाबारावांचा चेहरा पडला. महिन्याला चाळीस हजार सहज येतात, असं त्यांनी पाहुण्यांना नुकतंच ऐकवलं होतं. आणि चार वर्षांपूर्वी, कार्ड जाईल या धास्तीने, ताईंना सांगितले होते जेमतेम नऊ. ताईंनी तोंड उघडलं की सोयरीक मोडलीच म्हणायची.

गुलाबरावांनी ताईंच्या गळ्यातलं ओळखपत्र निरखून वाचलं.

"जय भीम, ताई. तुमी घराघरची कमाई लिवता ना? मग या घरची काय लिवली हाय?"

चहा घेऊन आलेल्या शकुंतलाबाई, रुपेशची आई, दारातच थबकल्या.

"जय भीम, दादा. एका घरचं दुसऱ्याले सांगत नाई मी. आर्वीतबी आमचे लोक फिरतात. तुमचंबी कोणाले सांगनार नाई."

"मग आता विचारा, आमच्यासमोर."

"पाहुन्यासमोर विचारत नाई. मी सांजच्याले येतो."

ताई वळल्या. आपण गेलो की मागे संशय उरणार, हे त्यांना कळत होतं आणि वाईटही वाटत होतं, पण नियम मोडणं त्यांच्या जिवावर आलं असतं.

"थांबा ताई," रुपेश म्हणाला. "मीच सांगतो."

बाबारावांनी डोळे वटारले. "तू काऊन मधात बोलून राह्यला बे?"

"बाबा, उद्या ते पोट्टी या घरात राहीन. तिले दिसनारच हाय सारं."

आणि त्याने सांगून टाकलं. पुलगावातलं त्याचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान, दोन एकर कापूस, म्हैस, आईची मजुरी. गुलाबराव बोटांवर बेरीज करत होते. ती एकोणीस हजारांच्या पुढे जाईना. बाबारावांना मान वर करवेना.

"असं सांगा ना मग!" गुलाबराव एकदम मोकळे झाले. "मी तं उठाच्या बेतात होतो. चाळीस हजारवाल्या घरी माही पोट्टी कशी निभन, देनंघेनं मले कसं झेपन, तेच डोक्यात चालू होतं. हे तं आमच्यासारखंच घर निंगालं!" आणि त्यांनी बशीतला गोरसपाक उचलला.

शकुंतलाबाई हसायला लागल्या आणि अर्धा चहा ट्रेमध्येच सांडला. तिथल्या तिथे पसंती झाली. ताईंचाही जीव सुखावला. इतक्या वर्षांत या घराने पहिल्यांदाच खरा आकडा दिला होता.

निघताना बाबाराव स्कूटीपर्यंत आले.

"ताई, मांगच्या वक्ती कमी सांगतलं होतं मी. तेवढं दुरुस्त करून टाका."

"आता नाई होत, भाऊ. ते छापून गेलं. कागदावर दिसन, चार वर्षांत या घराची दुपटीनं भरभराट झाली." ताईंना हे खरोखरच खुपत होतं.

बाबारावांनी मागे वळून पाहिलं. ओसरीत गुलाबराव रुपेशच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी सांगत होते आणि शकुंतलाबाई नव्याने चहा टाकायला आत चालल्या होत्या.

"दिसू द्या, ताई," ते म्हणाले. "आज तं झालीच हाय."