सायलसचे हातमोजे

डॉर्कस टार्बेलशी वाकडं घेऊ नये, हे आमच्या हार्लो गावात पोरंसोरंही लवकर शिकायची. बाई काडीसारखी, आवाज खणखणीत आणि दोन्ही हात कोपरापर्यंत तांबडे. कातडी कमावणाऱ्याच्या घरात जन्म काढला, ओकच्या सालीच्या पाण्यात रोज हात बुडवले, तर रंग चढायचाच. तिला त्याची लाज नव्हती. लाज वाटायची ती तिच्या नवऱ्याला.

सायलस बैलाच्या खांद्याचा आणि गाईच्या स्वभावाचा. अंगाला कातड्याचा वास येतो म्हणून रविवारी प्रार्थनेला मागच्या बाकावर बसायचा. पण गावात कुणी मेलं की पहिली आठवण त्याचीच व्हायची, कारण तसा खांदा दुसऱ्या कुणाचा नव्हता. आमच्याकडे मयताचं बोलावणं तोंडी येत नसे. त्या घरून हातमोज्यांचा जोड यायचा, विलायतेहून आलेल्या मऊ कोकराच्या कातड्याचा, आणि तो घालून खांदा द्यायचा. एरवी सायलसशी हात मिळवायला कचरणारी माणसंसुद्धा त्याला जोड पाठवत. तो प्रत्येक जोडाच्या आत मेलेल्याचं नाव लिहून पेटाऱ्यात जपून ठेवायचा. कधीमधी पेटारा उघडून नुसता बघत बसायचा. गावाने आपल्याला माणसांत धरलं, याचा त्याच्याजवळ तेवढाच पुरावा होता.

आमच्यावर तेव्हा विलायतेच्या राजाचं राज्य होतं; त्याच्याविषयी सायलस वाईट बोलू देत नसे. राजा चांगला, कारभारी वाईट, असं त्याचं ठरलेलं मत. कागदावर शिक्क्याचा कर बसला तेव्हा तो म्हणाला, आपण कुठे एवढं लिहितोवाचतो. काचेवर आणि रंगावर बसला तेव्हा म्हणाला, आपल्या खिडक्या आहेतच किती. मग चहाची पाळी आली आणि डॉर्कसने चहाची किटली कोंबड्यांना पाणी प्यायला अंगणात ठेवून दिली. पुढे राजाने बोस्टनचं बंदरच बंद केलं, कातडी गोदामात कुजायला लागली, तेव्हा मात्र सायलस गप्प झाला. त्या उन्हाळ्यात विलायती माल घरात आणणार नाही अशी शपथ गावाने घेतली. बायकांनीही सह्या केल्या आणि डॉर्कसची सही सगळ्यांत ठसठशीत होती. राजाने यावर उत्तर दिलं ते असं: गव्हर्नरच्या परवानगीवाचून गावसभाच भरवायची नाही. बापजाद्यांपासून चालत आलेली सभा! आमच्या गावाला तो घाव फार खोल गेला.

सप्टेंबरात सायलसला ताप आला. जाताना त्याने बायकोचा तांबडा हात धरला आणि म्हणाला, "हातमोजे पाठव गं सगळ्यांना. कातडेवाल्याला उघड्या हातांनी नेलं असं कुणी म्हणायला नको."

डॉर्कसने हो म्हटलं. मरणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? त्याचे डोळे मिटले आणि आपण कशात अडकलो ते तिला कळलं. घरचं कातडं जाड, त्याचे हातमोजे व्हायचे नाहीत; विकत घ्यावेत तर शपथ मोडते, आणि न घ्यावेत तर नवऱ्याला दिलेला शब्द.

संध्याकाळच्या आत तिचा धाकटा दीर नेहेमाया गाठोडं घेऊन हजर. हा गावचा दुकानदार आणि राजाने नेमलेला न्यायाधीश. भाऊ जिवंत होता तोवर त्याच्या अंगणात कधी उभा राहिला नाही, वास सोसत नाही म्हणे. आता गाठोडं सोडलं तर आत पांढरेशुभ्र नवे जोड. पैसे नकोत, दादासाठी एवढं करणं माझं कर्तव्य आहे, वगैरे बोलला. डॉर्कस ओळखून होती. टार्बेलांच्या दारातून विलायती माल वाटला गेला की अर्धं गाव घालणार, अर्धं गाव तोंड फिरवणार, आणि शपथेचे तीनतेरा वाजणार.

"उचला ते, भाऊजी," ती म्हणाली.

"वहिनी, हट्ट करू नका. हातमोज्यांशिवाय भलं माणूस दारात येणार नाही. दादाला तुम्ही आणि मी दोघांनी न्यायचं का?"

"तुमच्या खांद्याला तो पेलायचा नाही. मी एकटी ओढत नेईन."

बोलायला ती बोलली, पण तो गेल्यावर पायऱ्यांवर बसून ढसाढसा रडली. सायलसने आयुष्यात एवढंच मागितलं होतं. रडून झाल्यावर त्याच्या अंगावर घालायचा सदरा काढायला ती उठली आणि समोर पेटारा दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली घेऊन ती स्वतः घरोघर निघाली. ज्या घरचा जोड त्या घरी. लोहार रूफस पीबडीने भात्यावरून हात काढून जोड घेतला, उलटून पाहिला आणि आत त्याच्या आईचं नाव दिसलं. त्याचा चेहरा काळवंडला. आमच्यात दिलेली वस्तू परत करणं म्हणजे संबंध तोडणं.

"दिलेलं परत करतेस, डॉर्कस? आम्ही काय वाईट केलं तुझं?"

"परत नाही करत. बोलावते आहे. माझ्या माणसाने हे घालून तुझ्या आईला खांदा दिला. आता तू हेच घाल."

रूफसने जोड ऐरणीवर ठेवला आणि पुन्हा भाता ओढू लागला. पुढच्या घरी दार लागलं. त्याच्या पुढच्या घरी बाईने जोड घेतला आणि आत निघून गेली. टोपली रिकामी झाली तरी कोण येणार ते डॉर्कसला समजेना.

दुपारी अंगणात शवपेटी तयार होती आणि माणूस नव्हतं. नेहेमाया फाटकाशी घड्याळ काढून उभा राहिला. मग उतारावरून रूफस येताना दिसला. आईच्या मयताचे पिवळट पडलेले हातमोजे त्याने घातले होते. सायलसच्या पंजाने ताणलेले ते, लोहारालासुद्धा सैल होत होते. त्याच्यामागून दुसरा आला, तिसरा आला, आणि मग सगळा रस्ता भरून गाव आलं. ज्याने दार लावलं होतं तोही आला. ज्यांच्या घरी जोड गेला नव्हता ते उघड्या हातांनी आले. मागच्या बाकावरचा सायलस सगळ्यांच्या खांद्यावरून गेला.

माती लोटली, प्रार्थना झाली, तरी कुणी हलेना. किती दिवसांनी सगळे एका जागी जमले होते. कुणीतरी बंदुकीच्या दारूचं काढलं, कुणी गावच्या पलटणीला नायक हवा म्हणालं. नेहेमायाने आवाज चढवला. ही सभा झाली, सभेला बंदी आहे, राजाच्या नावाने सांगतो, आपापल्या घरी जा.

डॉर्कस थडग्याच्या कडेवरून वळली.

"ही माणसं माझ्या नवऱ्याला पोचवायला आलीत, भाऊजी. मी त्यांना अजून निरोप दिलेला नाही."

नेहेमाया एकटाच घरी गेला. बाकीचे तिन्हीसांजेपर्यंत तिथेच होते. बंदुकीची दारू घ्यायचं ठरलं आणि नायक म्हणून रूफसला निवडलं. मग डॉर्कस म्हणाली, "चला, सफरचंदाची सायडर प्यायला चला." तेव्हा लोक हलले. नेहेमाया पुढे बिऱ्हाड घेऊन बोस्टनला राजाच्या लाल डगलेवाल्या शिपायांच्या आसऱ्याला गेला.

एप्रिलात घोडेस्वार ओरडत आला की राजाच्या शिपायांनी लेक्सिंग्टनला आपली माणसं मारली. घंटा वाजली, पलटण प्रार्थनाघरासमोर जमली. ठिणगी पाडणारी गारगोटी बंदुकीच्या घोड्याच्या चिमट्यात घट्ट बसायला मधे कातड्याची मऊ घडी लागते. नाहीतर ती निसटते, बार उडत नाही आणि माणूस हकनाक मरतो. डॉर्कस पायरीवर सायलसची सुरी घेऊन बसली. पण तिच्याजवळचं कातडं बुटांचं, जाड, घडीच पडेना. रूफसने खिशातून हातमोजे काढून तिच्या मांडीवर टाकले.

"आईचे आहेत," ती म्हणाली.

"माहीत आहे. काप."

मग एकेकाने आपापले टाकले. तिने सगळे कापले. पोरं निघाली तेव्हा प्रत्येकाच्या बंदुकीत कुणाच्या तरी मयताच्या हातमोज्याचा तुकडा होता.

रूफस परत आला नाही. लढाई आठ वर्षं चालली, राजाचं राज्य गेलं, दुकानांत विलायती माल पुन्हा आला. डॉर्कस पुष्कळ जगली, भांडत जगली. ती गेली तेव्हा थंडी कडाक्याची होती आणि तिला न्यायला सारं गाव लोटलं. एकाच्याही हातात हातमोजा नव्हता. जुने तर तिनेच कापले होते, आणि दुकानातून नवा घ्यावा असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.