माठ, वांगं आणि आखूड पायाची गाय

रंगनाथ गुरांचा दलाल. श्रीगोंदा तालुक्यात तीस वर्षं त्यानं जनावरांची तोंडं उघडून दात मोजले. पन्नाशी उलटल्यावर दुकानाच्या बोर्डावर स्वतःच्या हातानं गाय काढायची हुक्की त्याला आली. पेंटरनं काढलेली मागली गाय लोकांना गाढव वाटली होती. मग दर रविवारी तो दानीएल सरांच्या चित्रकलेच्या वर्गात, पोरासोरांच्यात मांडी घालून बसू लागला.

चार महिने झाले तरी सर त्याला खोकं, माठ आणि वांगं यापलीकडं जाऊ देईनात. एकदा त्यानं चोरून गाय काढलीच. एका बाजूनं उभी. पण चारी पाय, चारी सडं, दोन्ही डोळे, वर उघडं तोंड आन् दात.

"एका बाजूनं एवढं सगळं दिसतं व्हय?" सरांनी विचारलं.

"दिसत न्हाई, पर हाय ना सर! दडवलं तर गिऱ्हाईक काय म्हनंल?"

"ठाऊक असतंय ते काढायचं न्हाई, रंगनाथराव. दिसतंय तेवढंच काढायचं. पुढल्या रविवारी तुमच्या गोठ्यात येतो. गाय बघून काढा. जमली तर रंग हातात देतो, न्हाई तर दिवाळीपर्यंत माठ."

रंगनाथला दिवाळी परवडणार नव्हती. दसऱ्याला बोर्ड लावणार, असं भर बाजारात छाती ठोकून सांगून बसला होता गडी.

रविवारी गोठ्यात एकच गाय. तिचा मागला डावा पाय बोटभर आखूड, आणि नेमका त्याच दिवशी पुंजाराम हे गिऱ्हाईक तिला बघायला येणार. रंगनाथनं धंद्याच्या सवयीनं त्या खुराखाली मातीचा उंचवटा केला, वर भुसा पसरला. गायीचं पुठ्ठं कसं पाणसळीत, दोन्हीकडनं सारखं आलं!

"मागून काढा," सर म्हणाले. "आधी जमिनीची रेघ. मग पेन्सिल धरून माप."

त्यानं सपाट रेघ मारली, माप घेतलं. उजवा पाय रेघेवर टेकला, डावा अधांतरी. खोडला, परत काढला. परत अधांतरी. मग डावा जरा लांबवून टेकवला.

"माप चुकलं," सर म्हणाले.

रंगनाथनं तो पाय पुन्हा वर घेतला. तेवढ्यात पुंजाराम आला आणि मागून वहीत डोकावला. "रंगूभाऊ, गाय नाचतीया का काय?"

रंगनाथला पेच पडला. पाय लांबवावा तर माठ. चित्रात उंचवटा दाखवावा तर गाय न विकता दावणीलाच. खोडरबर झिजून हरभऱ्याएवढं झालं. शेवटी त्यानं मनाशी म्हटलं, गिऱ्हाईक दुसरं गावंल, दसरा काय दुसरा येतोय? आणि चित्रात खुराखाली उंचवटा काढला, भुशाच्या काडीन् काडीसकट.

"आत्ता दिसलं तुमाला!" म्हणत सरांनी खाली बरोबरची खूण केली.

पुंजारामनं चित्र बघितलं, मग जमीन बघितली, मग चपलेनं भुसा बाजूला सारला.

"सर, वर्ग लई झ्याक हाय तुमचा. तालुक्यातले समदे दलाल घाला त्यात."

"गाय न्यायची न्हाई व्हय?" रंगनाथनं चाचरत विचारलं.

"गाय ऱ्हाऊ द्या. चित्र द्या. बाजारात दावतो चार लोकांना."

रंगनाथनं वही छातीशी आवळली. "चित्र इकायचं न्हाई. गायीचं बोला."