थांबाबाईंची सही

आमच्या ऑफिसात सगळ्यांत भित्र्या बाईंकडे सगळ्यांत मोठी जबाबदारी होती, आणि आम्हाला त्याचं फार हसू यायचं. कोथरूडच्या आमच्या ऑफिसातून कुठलंही डिझाइन कारखान्याकडे जायचं, तर शेवटची सही मॅडमची. सही कसली, पडद्यावरचं एक बटण दाबायचं. पण ते दाबण्याआधी त्या तळहात ओढणीला पुसायच्या, कारण हाताला खरोखरच घाम सुटलेला असायचा. मग माउस बटणापर्यंत न्यायच्या आणि तिथेच हात आखडून म्हणायच्या, "थांबा." पाठीमागे उभे असलेले आम्ही सगळे मनातल्या मनात कपाळाला हात लावायचो. त्यांचं नाव थांबाबाई कोणी पाडलं माहीत नाही. मी आले तेव्हा ते जुनं झालं होतं.

आमचं काम म्हणजे कारखान्यातली यंत्रं खरी उभी राहण्याआधी कॉम्प्युटरवर उभी करणं. रोबोट, त्याच्याभोवतीची लोखंडी जाळी, ट्रॉल्यांचा रस्ता, सगळं एकाच सामाईक मॉडेलमध्ये. आठ-दहा जण एकाच वेळी त्यात काम करायचो. एकाने जाळी सरकवली की ती सगळ्यांच्या पडद्यावर सरकायची. मी वर्ध्याहून नवीन आलेली, मला ही जादूच वाटायची. थांबाबाईंना मात्र त्याचीच धास्ती. "दहा जणी एकाच आमटीत मीठ घालणार," त्या म्हणायच्या, "आणि प्रत्येकीला वाटणार, चव दुसरीने बघितली असेल."

म्हणून त्या नुसत्या सिस्टिमवर विश्वास ठेवायच्या नाहीत. ज्याने ज्याने मॉडेलला हात लावलाय त्याने टेबलापाशी येऊन स्वतःच्या तोंडाने सांगायचं, काय हलवलं आणि का. लेआउट बघणारा अमेय एकदा वैतागून म्हणाला, "मॅडम, समोर हिरवी खूण दिसतेय ना, चेक झालंय." त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "दिसतेय की. डोळे शनिवार पेठेत घरी ठेवून नाही आले मी. तुम्ही काय केलंत ते बोला." अमेयने बोलायला सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्यालाच स्वतःची एक चूक स्वतःच पकडली. थांबाबाईंनी पुढच्याला बोलावलं. अमेय मात्र आठवडाभर त्यांच्या वाटेला गेला नाही.

त्यांची सगळ्यांत गमतीची सवय म्हणजे रामभाऊ. माणूस यंत्रापाशी कुठे उभा राहील, त्याचा हात कुठपर्यंत पोचेल, हे बघायला मॉडेलमध्ये माणसाचा एक बाहुला ठेवतात. सॉफ्टवेअरमधला तयार बाहुला सहा फुटी गडी. थांबाबाईंनी चाकणच्या कारखान्यात जाऊन तिथल्या शेखचाचा नावाच्या फिटरची उंची टेपने मोजून आणली, बाहुल्याला पाच फूट तीन इंचांचा केला आणि त्याचं नाव रामभाऊ ठेवलं. त्याला त्या अहोजाहो करायच्या. कुठलंही मॉडेल उघडलं की पहिला प्रश्न, "रामभाऊ कुठे उभे आहेत?" आम्ही एकमेकांना कोपरं मारायचो.

त्या दिवशी ग्राहक कंपनीचे लोक मॉडेल बघायला येणार होते. रोबोट पत्रा उचलून वळतो, हे मोठ्या पडद्यावर दाखवायचं होतं, आणि फाइल अडखळत होती. रामभाऊंचे सांधे, बोटं, मान, सगळ्याचं गणित होत राहायचं, त्याने फाइल जड व्हायची. मी त्यांना तेवढ्यापुरतं लपवलं आणि गणितातूनही वगळलं. रोबोट लोण्यासारखा फिरला. लोक खूश झाले, साहेबांनी माझी पाठ थोपटली. त्या आनंदात मी फाइल तशीच सेव्ह केली.

पुढच्या दोन दिवसांत अमेयला ट्रॉलीचा रस्ता अरुंद वाटला. पडद्यावर जाळीपाशी कोणी उभं नव्हतं, म्हणून त्याने जाळी दीड फूट रोबोटकडे सरकवली. तपासणी चालवली. टक्कर शून्य. माणूसच नाही तर टक्कर कोणाशी होणार? थांबाबाईंपुढे अमेयने जाळी का सरकवली ते सांगितलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "रामभाऊ आहेत ना गं?" त्यांच्या आईला त्या दिवशी दवाखान्यात न्यायचं होतं, एक डोळा घड्याळाकडे होता. मी म्हणाले, "हो मॅडम, आहेत." ते खोटं नव्हतं. फाइलमध्ये होतेच ते. लपवलेत हे सांगितलं तर बोलणी बसतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. थांबाबाईंनी हात पुसले, "थांबा" म्हणाल्या, दोन क्षण थांबल्या आणि बटण दाबलं.

चाकणला रोबोट पहिल्यांदा चालवून बघायचा होता तो दिवस मी विसरणार नाही. सकाळी अकराची वेळ ठरली होती. कुलूप लावल्यावर गॅस बंद केला का हे बघायला परत घरात जाणाऱ्या बायका असतात, तशा थांबाबाई चाचणीच्या दिवशी सही झालेलं मॉडेलही परत उघडायच्या. अकराला दहा मिनिटं होती. पडदा फिरवता फिरवता त्यांचा हात थांबला.

"रामभाऊ कुठेयत?"

मी पडद्यापाशी गेले. "लपवलेत मॅडम. फाइल जड होत होती म्हणून..."

त्यांनी रामभाऊंना परत दाखवलं. जाळीत पत्रा आत ठेवायची खिडकी होती, तिच्यापाशी, जाळीबरोबरच आत सरकलेले, ते वाकून उभे होते, आणि वळणाऱ्या रोबोटचा हात त्यांच्या डोक्यातून आरपार गेलेला दिसत होता. कोणी मधे आलं की रोबोट बंद पाडणारे सेन्सर अजून जोडायचे होते. अंतर पुरेसं आहे, या आमच्या शब्दावरच सगळं चाललं होतं. आणि त्या खिडकीपाशी आज शेखचाचा उभे राहणार होते.

कारखान्यात मोबाइल गेटवरच जमा करावे लागतात. थांबाबाईंनी तिथल्या इंजिनिअरला दोनदा फोन लावला, रिंग वाजत राहिली. मग त्यांनी गेटवरच्या टेबलाचा नंबर लावला. वॉचमनने उचलला. "दादा, पळत आत जा," त्या म्हणाल्या. आवाज फाटला होता. "नवीन रोबोटपाशी. लाल बटण दाबायला सांगा. मी सांगितलं म्हणून सांगा. नंतर माझ्या नावाने शिव्या घाला."

त्याने रिसीव्हर टेबलावर टाकला. आम्ही स्पीकरवर ऐकत उभे होतो. तिथल्या पंख्याची घरघर, कुठला तरी ट्रक मागे येताना वाजणारा भोंगा. अकराला तीन मिनिटं. अकरा. अमेय भिंतीला टेकून खाली बसला. थांबाबाईंनी माझं मनगट धरलं होतं, आणि त्यांचा हात ओला होता की माझा, मला कळत नव्हतं. अकरा वाजून चार मिनिटांनी धापा टाकत आवाज आला, "मॅडम, बंद केलंय बगा. जरा आधीच चालू केलं हुतं त्यांनी. चाचांचं हेल्मेट उडालं, पार चिरलंय. चाचा बरं हाय. खाली बसलंय, पाणी पितंय." थांबाबाईंनी फोन ठेवला आणि तळहात ओढणीला पुसले.

चौकशीच्या मिटिंगला मोठे साहेब आले होते. "हे तपासलं कोणी?" त्यांनी विचारलं.

"सही माझी आहे," थांबाबाई म्हणाल्या.

"मॉडेलमध्ये माणूस नाही, हे तुम्हाला दिसलं नाही?"

"मी विचारलं होतं."

"कोणाला?"

त्यांनी मान खाली घातली. तासभर मिटिंग चालली. आता बोलू, मग बोलू, असं करत मी पाण्याची बाटली उघडत आणि बंद करत राहिले. माझी नोकरी जेमतेम सात महिन्यांची, बाबांनी वर्ध्याला पेढे वाटलेले. मिटिंग संपली तेव्हा सहीचं काम थांबाबाईंकडून काढून घेतलं होतं. चार दिवसांनी त्यांनी राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी त्या डबा पिशवीत भरत होत्या, तेव्हा मी गेले. "मॅडम, ते रामभाऊ..."

"माहीत आहे." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. कोणी काय बदललं याची नोंद मॉडेलमध्ये आपोआप राहते. लपवल्याची वेळ होती, मी 'हो, आहेत' म्हणाले त्याच्या आधीची, आणि पुढे माझं नाव. "मिटिंगच्या आधीच बघितलं होतं मी."

"मग सांगितलं का नाही?"

"म्हटलं, तू सांगशील. तुझ्याकडे बघायचं नाही म्हणून तासभर खाली मान घालून बसले होते. मान अवघडली गं माझी."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "सहीच्या कामासाठी मी साहेबांना तुझं नाव सुचवलंय."

"नको मॅडम. मला भीती वाटते."

"म्हणूनच. बाकीच्यांची आठवड्यात गेली." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "आणि एकदा चाकणला जा. मी जाऊन आले. चाचा आता स्टोअरला बसतात, यंत्रापाशी त्यांचे हात कापतात. त्यांना भेट आणि तुझ्या तोंडाने सांग."

साहेबांना मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता प्रकरण मिटलंय, कशाला उकरता?" आणि सहीचं काम मला दिलं. याला दोन वर्षं झाली. मी प्रत्येकाला टेबलापाशी बोलावते, बोलायला लावते, मागे पोरंपोरी कंटाळून उभी असतात. माझंही काहीतरी नाव पाडलं असणार. चाकणला जायची वेळ आली की मी अमेयला पाठवते.

थांबाबाईंचा नंबर माझ्याकडे आहे. दर दिवाळीला फोन काढते आणि परत ठेवते. त्या पहिलं चाचांना भेटलीस का विचारतील हे मला माहीत आहे, आणि या वेळी 'हो' म्हणायची माझी हिंमत नाही.