मोताळ्याचा वाकडा चौकोन

मागच्या महिन्यात अकरावीच्या पोरांना गणितं झटपट सोडवायच्या युक्त्या शिकवत होतो आणि मधेच जाणवलं, आपल्याला याचा कंटाळा आलाय. पुण्यात क्लास काढून अठरा वर्षं झाली. त्याच संध्याकाळी मलकापूरचं रिझर्व्हेशन केलं. मला गणिताचा नाद लावणारे वानखडे सर तिथून जवळच, मोताळ्यात राहतात.

सकाळी मलकापूरला उतरलो. स्टेशनबाहेर गरम कचोरी खाऊन घ्या, मग मोताळ्याची एसटी धरा. जागा खिडकीचीच पकडा. दिवाळीनंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला असतो. मी गेलो तो बाजाराचा दिवस होता. शेजारच्या मावशींच्या मेथीच्या जुड्या मोताळ्यापर्यंत माझ्या मांडीवर होत्या.

सर अंगणात काठीनं मातीत काहीतरी काढत होते. वय अठ्ठ्याहत्तर.

"ये बे. हे पाह्य. कसाबी वाकडा चौकोन काढ, चारी बाजूंचे मध्य जोड. आत समांतरभुज चौकोनच निघते."

"सर, हे तुम्हीच शिकवलंय. नववीत. कर्ण काढून."

"हाव. आता कर्ण न काढता सिद्ध कर. मले दोन वर्षं लागले."

"कुठल्या परीक्षेत आलं होतं?"

सर हसले नाहीत. "काऊन? परीक्षेत आल्याबिगर पाह्यतच नाही काय तू?"

माझी मान खाली गेली.

काकूंनी भरीत-भाकरी वाढली. म्हणाल्या, "दोन वर्षं यायनं ताटातबी चौकोनच काढले."

दुपारभर अंगणात बसलो. मला तयार सूत्रंच सुचत होती. सर ती पायानं पुसायचे. "थे पाठ केलेलं हाय. तुह्यं काय?" उन्हं कलली तरी सुटेना, आणि शेवटची एसटी चुकावी असं वाटायला लागलं. निघताना सर उत्तर सांगू लागले. मी घाईनं म्हणालो, "नका सांगू!" नववीत मी असाच ओरडायचो.

पुण्यात क्लास पूर्वीसारखाच चालू आहे. तो सोडणं मला जमणार नाही. दिवसाचे दहा तास गणितात जातात आणि तरी गणिताचीच आठवण येते, सासरी गेलेल्या बहिणीची यावी तशी. रविवारी सकाळी मात्र कोरा कागद घेऊन बसतो.

परवा सरांचा फोन आला. "सापडलं काय?"

"नाही सर. अजून नाही."

"मंग मजा हाय बे तुह्यी," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात चक्क हेवा होता.