माळावरची प्रार्थना

परवा मुलानं अंगणात आंब्याच्या रोपासाठी खड्डा खणला. ओल्या तांबड्या मातीचा वास घरात आला आणि मी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. मी दहा वर्षांची होते. बाबा धसईजवळच्या एका गावात शाळामास्तर होते. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. बाबा पहाटे तापानं गेले आणि दुपार झाली तरी त्यांना पुरायला कुणी जागा देईना. आई उशाशी नुसती बसून होती.

मग शेजारचे गोमाकाका कुदळ घेऊन दारात आले. "ऊठ गो बाय. माज्या माळावर पुरू."

"गाव तुमाला वाळीत टाकील," आई म्हणाली.

"टाकू दे. मास्तरानं माज्या पोरीला वाचाया शिकवलं."

गोमाकाका आणि त्यांच्या भावानं बाबांना माळावर नेलं. ते खणत असताना चार माणसं बांधावर उभी राहून बघत होती. कुदळीच्या प्रत्येक घावाला वाटायचं, आता हे येऊन अडवतील.

माती लोटल्यावर आईनं बाबांची रोजची प्रार्थना म्हटली. तिला वाचता येत नव्हतं. ऐकून पाठ झाली होती. तिचा आवाज इतका कापत होता की मला वाटलं, हिचा देवावर विश्वासच उरला नाही. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाच्या दुप्पट वयाची झाले आहे. आता कळतं, एवढ्या भीतीतही ती देवाशीच बोलत होती.

प्रार्थना संपली तसा बांधावरचा एक जण खाली उतरला. मी आईचा पदर घट्ट धरला. त्यानं मोठाले धोंडे उचलून एकेक करून कबरीवर रचले.

"तरस उकरतात," एवढंच म्हणाला आणि गेला.